तेल लावायचं नाही

सगळ्यात आधी मी तेल लावलं.

मामाची पेटी उघडली, वरची पिवळी पडलेली वर्तमानपत्रं बाजूला केली, तर हाताला पहिला लागला तो ऑक्सिजनचा रेग्युलेटर. काळवंडलेलं पितळ, वटारलेल्या डोळ्यांसारख्या दोन डायली आणि पुढे दाब कमी-जास्त करायचा स्क्रू. तो काही केल्या फिरेना. जुनी वस्तू फिरत नसली की काय करायचं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. शिलाई मशीन, दाराची बिजागरी, सायकलचं पॅडल, सगळ्यांवर एकच औषध. तेलाची कुपी आणली. स्क्रूच्या मुळाशी दोन थेंब सोडले, मग चार. हात मोकळा सुटल्यावर सांध्यांवर आणि सिलिंडरला बसणाऱ्या नटाच्या आट्यांवरही थोडं थोडं सोडलं. दहा मिनिटांनी स्क्रू लोण्यासारखा फिरायला लागला. मी खूश. त्याच तेलकट फडक्याने डायलवरची धूळ पुसायला घेतली आणि अंगठ्याखालून बारीक लाल अक्षरं वर आली : 'यूज नो ऑइल'.

पेटी मामीने दिली होती. "तुलाच काय ती आवड या लोखंडाची. न्यायची तर ने, नाहीतर भंगारात जाईल," एवढंच म्हणाली. मामा सायकलींच्या फ्रेमी जोडायचा. पातळ पोलादी नळ्या आणि पितळेच्या सळईने झाळलेले सांधे. सांध्यावरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळायचं नाही. तो होता तोवर या पेटीला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. मी लांब स्टुलावर बसायचं आणि ज्योतीकडे नाही, त्याच्या हातांकडे बघायचं, असा नियम होता. त्यामुळे गॅस वेल्डिंगची माझी सगळी विद्या मनगटांपुरती. कुठला हात कधी कुठल्या चावीवर जातो ते डोळे मिटून सांगेन. का जातो, हे विचारायचं राहूनच गेलं.

रेग्युलेटरचा फोटो ओळखीतल्या एका वेल्डरकाकांना पाठवला. एरवी दोन-दोन दिवस उत्तर न देणाऱ्या माणसाचा मिनिटात फोन आला.

"सिलिंडरला जोडला नाहीस ना अजून?"

"नाही. का?"

"मग जोडू नकोस. येतो उद्या. आणि तेलाची कुपी तेवढी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव."

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. श्वासातल्या हवेत तो साधारण २१ टक्के असतो. त्यात दोन-तीन टक्क्यांचीच भर पडली तरी कपडे, केस, लाकूड यांचा स्वभाव बदलतो. जे धुमसलं असतं ते भडकतं. सिलिंडरमध्ये तो शुद्ध असतो, आणि तोही दीडशे, काही सिलिंडरांत दोनशे बारच्या दाबाखाली कोंबलेला. (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) झडप झटकन उघडली की हा वायू रेग्युलेटरच्या चिमुकल्या पोकळीत धडकतो आणि एका क्षणात दाबला जातो. दाबला गेलेला वायू तापतो. सायकलच्या पंपाचं टोक हवा भरताना गरम होतं, तेच इथे, पण शेकडो अंशांपर्यंत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, नुसत्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटतं. माझ्या रेग्युलेटरात शिलाई मशीनचं तेल होतं. आधी तेल पेटलं असतं, मग आतलं प्लास्टिकचं सीट, म्हणजे झडप टेकते ती बैठक, मग रबर, आणि शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात पुढे धातूसुद्धा. आणि मी त्या वेळी नेमकी डायलसमोर वाकून काटा किती सरकला ते बघत असणार. नवशिकी माणसं असंच बघतात. मामा झडप उघडताना नेहमी सिलिंडरच्या आडोशाला, बाजूला तोंड करून उभा राहायचा. मला ती त्याची ऐट वाटायची.

काका आले. तेल कुठलं, किती, कुठे कुठे लावलं, हे डॉक्टरने विचारावं तसं विचारलं. हसले नाहीत. मी म्हटलं, साबणाने धुऊन काढते, पेट्रोलने पुसते. त्यावर म्हणाले, "पेट्रोल? म्हणजे सापाला हाकलायला वाघ आणायचा. आणि बाहेरचं पुसशील गं, आत गेलेलं कसं पुसणार?" पूर्वी असल्या भागांवरचा तेलकटपणा काढायला कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे. ते यकृताला विष, आणि तापलं की त्यातून फॉस्जीन, म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला वायू तयार होतो. आता ते मागे पडलं. ऑक्सिजनच्या कामाची स्वच्छता हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचं काम आहे. रेग्युलेटर पूर्ण उघडायचा, प्रत्येक भाग योग्य द्रावणात धुवायचा, सीट आणि पडदा बदलायचा, मग दाबाची चाचणी घ्यायची. काकांनी एकदा डायलकडे बघितलं. काटा शून्यावर टेकलेला नव्हता, थोडा वरच अडकला होता. "हा तसाही गेलेलाच होता. तू नुसतं तेल लावलंस." त्यांनी तारेचे चार वेढे नटाभोवती आवळले, म्हणजे तो चुकूनही कुणाला सिलिंडरवर चढवता येऊ नये. ॲसिटिलीन म्हणजे या कामातला दुसरा वायू, ज्योतीत जळतो तो. त्याच्या रेग्युलेटरचा पडदा कडक झाला होता, त्यालाही तीच तार. दोन्ही आता माझ्या फळीवर आहेत, पुस्तकं टेकवायला.

मग आम्ही जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि पेटी रिकामी केली. मला हे काम फार आवडतं. वस्तू रांगेने मांडल्या की वापरणारा माणूस दिसायला लागतो. मामाचा टॉर्च, म्हणजे दोन्ही वायू मिसळून ज्योत काढणारी वेल्डिंगची मूठ, एका ओल्या फडक्याच्या आकारात, वाळून कडक झालेल्या कापडात गुंडाळलेला. टॉर्चच्या मुठीवरचं निकेल उडून पितळ उघडं पडलेलं, पण एकाच बाजूला, अंगठा जिथे टेकायचा तिथे. टॉर्चच्या तोंडाशी बसणाऱ्या चार टिपा होत्या, प्रत्येक वेगळ्या कप्प्यात. चकमकीच्या लायटरचा खडा संपलेला. गॉगलच्या काचा ओरखड्यांनी आंधळ्या. नटांचे दोन प्रकार. काही नटांच्या कडांना खाचा पाडलेल्या, त्यांचे आटे डावे, म्हणजे उलटे फिरणारे. हे ॲसिटिलीनकडचे. ऑक्सिजनकडचे साधे, उजवे. दोन वायूंच्या नळ्या चुकूनही अदलाबदल होऊ नयेत म्हणून ही योजना केलेली. ज्याने केली त्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असणार. रंगावर विसंबलं तर अंधारात घोटाळा होतो, अक्षरांवर विसंबलं तर ती पुसली जातात. आटे मात्र बसतच नाहीत.

शेवटी नळ्या निघाल्या. लाल नळी ॲसिटिलीनची. काकांनी ती वाकवली तशा वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा उघडल्या, उन्हात तडकलेल्या चिखलासारख्या. ते अपेक्षितच होतं. रबराला वय असतं. पुढे सरकत त्यांचा हात थांबला. नळीच्या मध्यावर एक फुगवटा होता, त्यावर तारेचे घट्ट वेढे. नळी कधीतरी तिथे कापली गेली असणार आणि दोन तोंडं आतून एक तुकडा घालून जोडली होती. तारेच्या फटीतून तो तुकडा दिसत होता. तांब्याचा.

काकांनी नळी अलगद खाली ठेवली. अगदी झोपलेलं मूल ठेवावं तशी.

ॲसिटिलीन आणि तांबं यांचं जमत नाही, किंवा फारच जमतं म्हणा. त्यांच्यात कॉपर ॲसिटिलाइड नावाचं संयुग तयार होऊ शकतं. ते कोरडं असेल तर घासणं, ठोकर किंवा उष्णता यांतलं काहीही त्याला स्फोटासाठी पुरतं. म्हणून या वायूच्या नळ्यांत आणि जोडांत शुद्ध तांबं वापरत नाहीत. पितळ चालतं, पण त्यातही तांब्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेत, साधारण सत्तर टक्क्यांच्या आत असावं लागतं. मामाच्या त्या जोडाच्या आत काही तयार झालं होतं की नाही, देव जाणे. आम्ही उघडून बघितलं नाही. तार सोडवायची नाही, वाकवायचं नाही, ठोकायचं तर मुळीच नाही. काकांनी तो भाग ओल्या फडक्यात गुंडाळला, बादलीभर पाण्यात ठेवला आणि असल्या गोष्टींची विल्हेवाट लावणाऱ्या जाणकारांना फोन केला. ते येऊन घेऊन जाईपर्यंत त्या खोलीत आम्ही उगाचच हळू आवाजात बोलत होतो.

मला राग आला. मामाचाच. तेलाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, फडकंसुद्धा वेगळं ठेवणारा, टिपांना कप्पे करणारा, आणि नळीत तांब्याचा तुकडा?

ॲसिटिलीन हा वायूच मुळात तापट. एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला तो १८३६ मध्ये प्रथम सापडला, पण पुढची पन्नासएक वर्षं प्रयोगशाळेतच पडून राहिला. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम बनवायच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर तापवून निघालेला निरुपयोगी गोळा पाण्यात पडला आणि त्यातून भरमसाट वायू उठला. तो गोळा कॅल्शियम कार्बाइडचा. ॲसिटिलीन स्वस्त झाला तो तिथून. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये ल शातलिए या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की ऑक्सिजनबरोबर जळताना याची ज्योत तोवरच्या सगळ्या ज्योतींहून गरम असते. लोकांना वाटलं, झालं, आता हा सिलिंडरमध्ये भरायचा आणि विकायचा. भरला, आणि सिलिंडर फुटले. कारण याला पेटायला हवाही लागत नाही. मोकळ्या अवस्थेत दाब साधारण एक बारच्या पुढे गेला की तो आपल्या आपण विघटित होऊ शकतो, कार्बन आणि हायड्रोजन होऊन मोकळा. कामाचा दाब एक बारच्या, म्हणजे १५ पीएसआयच्या वर कधीही न्यायचा नाही, हा नियम इथून आला. ॲसिटिलीनच्या डायलवर त्यापुढचा भाग लाल रंगवलेला असतो.

मग सिलिंडरमध्ये पंधरा-अठरा बार दाबाने तो राहतो कसा? तो सिलिंडर पोकळ नसतोच. आत स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ खच्चून भरलेला असतो, त्यात ॲसिटोन नावाचं द्रव मुरवलेलं आणि ॲसिटोनमध्ये वायू विरघळलेला. मोठी पोकळी कुठेच नाही, त्यामुळे विघटन सुरू झालं तरी पसरायला वाट मिळत नाही. या सच्छिद्र भरणावर स्वीडनच्या गुस्ताव दालेन यांनी खूप काम केलं, दीपगृहांचे दिवे वर्षभर माणसाशिवाय जळावेत म्हणून. १९१२ मध्ये ॲसिटिलीनच्याच एका चाचणीत स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते घ्यायला त्यांचा भाऊ गेला. पुढे पंचवीस वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी कंपनी चालवली आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी स्वयंपाकघरातली एक चूलही शोधून काढली. या माणसाबद्दल मी आधी कधीच वाचलं नव्हतं. नळी बादलीत होती तेव्हा रात्रभर वाचत बसले.

हा सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही, तेही मग कळलं. आडवा ठेवला की ॲसिटोन झडपेकडे येतं आणि वायूबरोबर नळीत उतरतं. आडवा आणलाच असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्यायचा, मगच वापरायचा. आणि घाईघाईने ओढायचाही नाही. तासाला सिलिंडरमधल्या वायूच्या साधारण एक दशांशाहून जास्त काढला तर वायूबरोबर ॲसिटोनही खेचलं जातं. मोठी टीप लावायची तर सिलिंडरही मोठा हवा.

आता साफसफाई. दोन रेग्युलेटर गेले, दोन नळ्या गेल्या, गॉगल गेला. माझ्या हाती उरलं काय, तर टॉर्च आणि चार टिपा. जुन्या वस्तू नव्यासारख्या करायच्या या माझ्या छंदात इतकी गळती कधी झाली नव्हती.

टॉर्च मी फक्त बाहेरून साफ केला. कोमट पाणी, भांड्यांचा साधा सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश. हात आधी स्वच्छ धुतलेले, हाताला क्रीम वगैरे काही नाही. काळं पडलेलं पितळ चिंच-लिंबू किंवा कुठलंही आम्ल लावून चकचकीत करायचा मोह आवरला. त्यात जास्त वेळ राहिलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि धातू पोकळ, ठिसूळ होतो. पॉलिशही नाही, कारण बहुतेक पॉलिशमध्ये तेल किंवा मेण असतं. वाळवायला मी काँप्रेसरची हवा मारणार होते. काकांनी हात धरला. साध्या काँप्रेसरच्या हवेतून तेलाचे तुषार येतात. म्हणजे मी इतका वेळ धुतलं ते पुन्हा माखलं असतं. टॉर्च आपल्या आपण वाळत राहिला, दोन दिवस, पांढऱ्या कापडावर. चावीच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग आणि आतल्या ओ-रिंगा यांना मी हात लावला नाही. ते दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेलं. तिकडे त्या बदलल्या आणि दाब देऊन गळती तपासली. परत आला तेव्हा चाव्या दोन बोटांत फिरत होत्या, थेंबभर तेलाशिवाय.

टिपांचं काम मात्र माझं होतं, आणि सगळ्या प्रकरणात मजा आली ती इथे. टिपेच्या तोंडाशी जेमतेम मिलिमीटरभर भोक असतं. त्यात वितळलेल्या धातूचे शिंतोडे आणि काजळी बसते. ते साफ करायला सुयांचा जुडगा मिळतो. दिसायला सुया, पण प्रत्येकीच्या अंगावर कानशीसारख्या बारीक दातऱ्या. भोकात बसेल त्याहून एक नंबर बारीक सुई घ्यायची, सरळ आत घालायची, सरळ बाहेर काढायची. पिळायची नाही, तिरकी करायची नाही. भोक मोठं किंवा कर्ण्यासारखं झालं की टीप फुकट गेली. ज्योत एका बाजूला वळते, फटफटते. सुई आत-बाहेर करताना खरखर जाणवते, मग ती कमी होते, आणि एका क्षणी काहीच जाणवत नाही. टीप उजेडाकडे धरली की काळ्या वर्तुळात एक टाचणीएवढा तारा दिसतो. मामाच्या तीन टिपांतला तारा अगदी गोल होता. इतक्या वर्षांच्या वापरानंतर गोल. चौथीत तो लांबट, फाटलेला. कुणीतरी खिळा घातला असणार, आणि तो कुणीतरी मामाच असणार, दुसरं कोण? ती टीप फेकली. टिपांवरचे आकडेही प्रत्येक उत्पादकाचे आपापले असतात. एकाची दोन नंबरची टीप म्हणजे दुसऱ्याची दोन नव्हे. दाब किती ठेवायचा ते त्याच उत्पादकाच्या तक्त्यात बघावं लागतं.

रेग्युलेटर, नळ्या, गॉगल नवे आले. पाच नंबरची गडद काच. सोबत फ्लॅशबॅक अरेस्टर, जे मामाकडे नव्हतेच. टॉर्चकडून ज्वाला उलटी नळीत शिरली तर ती विझवायला आणि वायूची वाट बंद करायला हे लागतात. नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वायूला मागे येऊ देत नाही, पण ज्वालेला अडवू शकत नाही. दोन्ही लावले. नव्या नळीत पावडर असते, ती जोडण्याआधी झटकली.

जोडणीच्या दिवशी काका खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "तू कर. मी फक्त नाही म्हणेन."

सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले. ऑक्सिजनच्या झडपेच्या तोंडातली धूळ उडवायला झडप क्षणभर किंचित उघडून बंद केली, बाजूला उभं राहून. आट्यांना टेप लावायला घेतली. "नाही." इथे धातू धातूवर बसतो, मध्ये काही लागत नाही, आणि टेपची लव आत गेली तर सीट खराब. रेग्युलेटरचे स्क्रू मोकळे होईपर्यंत उलटे फिरवले, म्हणजे झडप उघडल्यावर दाब पुढे जाणार नाही. ऑक्सिजनची झडप अगदी सावकाश, काटा चढून स्थिर होईपर्यंत, आणि मग पूर्ण उघडी. ही झडप पूर्ण उघडली की दांड्याशीही घट्ट बसते, अर्धवट ठेवली तर तिथून गळू शकते. ॲसिटिलीनची मात्र एक फेरी, फार तर दीड, आणि किल्ली वरच ठेवलेली. गडबड झाली तर एका झटक्यात बंद करता यावी.

आता टॉर्चच्या चाव्या बंद ठेवून कामाचा दाब लावला आणि डायलकडे बघत बसलो. काटा आपोआप वर सरकायला लागला तर रेग्युलेटरचं सीट गळतंय. सरकला नाही. मग ऑक्सिजनला चालणारं गळतीचं द्रावण ब्रशने सगळ्या सांध्यांवर. साध्या साबणात चरबी असू शकते म्हणून तो नाही. पाच सांधे गप्प. सहाव्यावर, टॉर्चच्या ॲसिटिलीनच्या नटाशी, एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुटला, परत आला. माझा हात पान्याकडे गेला. "नाही." दाब उतरवून नट उघडला. पितळी बैठकीवर पांढऱ्या कापडाचा एक तंतू आडवा पडला होता. माझ्याच चादरीचा. काढला, पुन्हा बसवला, बुडबुडा गेला.

मामाचा टॉर्च इंजेक्टरचा आहे, म्हणजे ऑक्सिजनचा झोत ॲसिटिलीनला ओढून घेतो. ही ओढ आधीच तपासून ठेवली होती. लाल नळी काढलेली, टॉर्चमधून नुसता ऑक्सिजन वाहतोय, दोन्ही चाव्या उघड्या, आणि लाल नळी जिथे बसते त्या टॉर्चच्या तोंडावर अंगठा. अंगठा आत ओढला जातो. लहान मूल बोट चोखतं तसा. ओढ लागली नसती, किंवा उलट फुंकर आली असती, तर टॉर्च परत पेटीत गेला असता.

दोन्ही नळ्या वेगवेगळ्या, काही सेकंद मोकळ्या हवेत वाहू दिल्या. नळीत चुकून मिसळलेलं काही असेल तर ते पेटायच्या आधी बाहेर जावं म्हणून. मग ॲसिटिलीनची चावी थोडी, आणि चकमकीचा लायटर. काडेपेटी नाही, खिशातला सिगारेटचा लायटर तर या खोलीत असायलाच नको. नारिंगी, आळशी ज्योत उठली. तिच्या टोकातून काजळीचे धागे सुटून वर तरंगायला लागले. एक माझ्या बाहीवर बसला. चावी वाढवत नेली तसे धागे थांबले. मग ऑक्सिजन, हळूहळू. नारिंगी पांढरी झाली, मध्ये एक लांब पिसासारखा भाग दिसायला लागला, तो आखडत गेला, आखडत गेला आणि टिपेच्या तोंडाशी एक छोटा निळसर पांढरा शंकू उरला, पेन्सिलीच्या टोकासारखा.

"थांब. इथेच."

हीच समतोल ज्योत. टॉर्चमधून दोन्ही वायू जवळपास सारख्याच प्रमाणात येतात. पूर्ण जळायला ॲसिटिलीनला अडीच पट ऑक्सिजन लागतो, उरलेला दीड भाग ज्योत भोवतालच्या हवेतून घेते. म्हणून शंकूभोवती तो फिकट निळा पदर असतो. शंकूच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरवर तापमान ३१०० अंशांच्या आसपास. लोखंड १५३८ ला वितळतं. पातळ पत्र्याच्या तुकड्यावर ज्योत धरली आणि एक ओला, चकचकीत थेंब तयार झाला. हात किंचित पुढे नेला, तो मागोमाग आला. गॉगलच्या हिरव्या काळोखात तेवढाच दिसत होता.

बंद करताना आमचं वाजलं. मी आधी ॲसिटिलीन बंद केला, मामाची मनगटं तसंच करायची. ज्योत 'फट्' करून गेली. काका म्हणाले, आधी ऑक्सिजन. थोडी काजळी येते, पण आवाज नाही, आणि ॲसिटिलीनची चावी गळत असेल तर तिथे छोटी ज्योत उरते, लगेच कळतं. दोन्ही पंथांचे लोक जगात आहेत आणि एकमेकांना अडाणी समजतात. टॉर्चच्या उत्पादकाची पुस्तिका सांगेल ते खरं. ती पुस्तिका मामाच्या पेटीत तळाशीच होती, वर्तमानपत्राखाली, आणि तिच्यात मामाचं बरोबर निघालं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

सिलिंडर बंद, एकेक नळी रिकामी, काटे शून्यावर, स्क्रू मोकळे. टॉर्च गुंडाळायला नवं, कोरडं कापड घेतलं.

संध्याकाळी मामीला फोन केला. ज्योत लागली म्हटल्यावर खूश झाली. मग नळीतल्या तांब्याच्या तुकड्याचं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"मी म्हटलं होतं त्याला, नवी नळी आण. म्हणाला, एवढी एक फ्रेम होऊ दे."

"कधी म्हणालीस?"

"तू स्टुलावर बसायचीस ना, तेव्हा."